लोहमार्गाच्या कडेचा मोकळा खण

मराठीत ‘खण’ हा शब्द मोठा बहुगुणी आहे. चोळीसाठी बेतलेले कापड म्हणजे खण, कपाटाचा कप्पा म्हणजे खण आणि घराच्या दोन तुळयांमधील अंतर म्हणजेही खणच. जुन्या काळी घराचा विस्तार चौरस फुटांत सांगण्याची रीत नव्हती. ‘पाच खणी घर’, ‘सात खणी माजघर’ असे म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वास्तू उभी राहत असे. या तिन्ही अर्थांच्या मुळाशी एकच कल्पना आहे : ठरलेल्या मापाचा एक तुकडा, जो स्वतःपुरता पूर्ण आहे आणि तरीही शेजारच्या तुकड्याशी जोडला जाऊ शकतो. आजचे वास्तुशास्त्रज्ञ ज्याला ‘मॉड्यूल’ म्हणतात, त्याला आपल्या सुतारांनी हे नाव फार पूर्वीच देऊन ठेवले आहे.

या स्मृतिव्याख्यानासाठी भाषेच्या एका निवृत्त प्राध्यापकाने लोहमार्गाच्या कडेच्या लाकडी सभास्थानांचा विषय निवडावा, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. परंतु माझ्या दृष्टीने हा विषय भाषेपासून फार दूरचा नाही. मोजके नियम आणि मोजके घटक यांतून असंख्य वाक्ये घडविणे हे व्याकरणाचे काम. मोजके सांधे आणि मोजकी मापे यांतून असंख्य वास्तू घडविणे हे खणांच्या रचनेचे काम. शिवाय आपण माळव्यातील मराठी माणसे मूळ प्रदेशापासून दूर, एका लांब वाटेच्या कडेने वसलेली माणसे आहोत. अशा वस्तीला एकत्र बसण्याची जागा नसेल तर तिचे काय होते, हा प्रश्न आपल्याला परका नाही. तो प्रश्न सर्वांत ठळकपणे जेथे दिसतो, तो सैबेरियाचा लोहमार्ग मी उदाहरण म्हणून घेतला आहे.

मार्ग आणि त्याची वस्ती

मॉस्कोपासून व्लादिवोस्तोकपर्यंतचा हा मार्ग ९,२८८ किलोमीटरांचा आहे. गाडीने तो पार करण्यास सुमारे सात दिवस लागतात. १८९१ च्या मे महिन्यात व्लादिवोस्तोक येथे युवराज निकोलस याच्या हस्ते या कामाचा औपचारिक प्रारंभ झाला. हाच युवराज पूर्वेच्या त्या दीर्घ प्रवासात डिसेंबर १८९० मध्ये मुंबईस उतरला होता. अर्थमंत्री सेर्गेई विट्टे यांनी या कामाला मोठी गती दिली. १९१६ साली खाबारोव्स्क येथील अमूर नदीवरचा पूल पुरा झाला, तेव्हा संपूर्ण मार्ग रशियाच्या भूमीवरून अखंड झाला.

इतका लांब मार्ग अल्पावधीत टाकावयाचा तर प्रत्येक स्थानकाचा स्वतंत्र आराखडा करणे शक्यच नव्हते. म्हणून स्थानकांच्या श्रेणी ठरविण्यात आल्या आणि प्रत्येक श्रेणीसाठी नमुना-आराखडे तयार झाले. स्थानकाची इमारत, पाण्याचा बुरूज, कामगारांची घरे हे सारे नमुन्याबरहुकूम, आणि बहुतेक ठिकाणी लाकडात. मार्गाच्या दोहों बाजूंस अरण्य होते. दगड आणि वीट मात्र दुरून आणावी लागे. बैकल सरोवराकाठचे स्ल्युद्यान्का हे संगमरवरी स्थानक अपवाद म्हणूनच प्रसिद्ध आहे. तेथे संगमरवराच्या खाणी जवळच होत्या.

स्थानकांचे स्थान कशावरून ठरले? लोकवस्तीवरून नव्हे, तर इंजिनाच्या तहानेवरून. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी आणि इंधन लागे. जेथे बुरूज उभा राहिला तेथे फिटर, कांटेवाले, गँगमन आणि त्यांची कुटुंबे आली. मागाहून दुकान आले, शाळा आली. काही जागांचे भाग्य मोठे ठरले. ओब नदीवरील पुलाच्या कामासाठी १८९३ साली जी वस्ती वसली, तिचेच पुढे नोवोसिबिर्स्क हे महानगर झाले. परंतु बहुतेक वस्त्या लहानच राहिल्या. पुढे इंजिने बदलली. २००२ साली या मार्गाचे विद्युतीकरण पूर्ण झाले. पाण्याच्या बुरुजाची गरज संपली, सिग्नल दूरवरून हलू लागले, आणि ज्या कामासाठी माणसे तेथे आली होती ते कामच उरले नाही. गाडी मात्र रोज जातेच. काही ठिकाणी ती मिनिटभर थांबते, काही ठिकाणी तेवढेही नाही.

आपला प्रश्न येथून सुरू होतो. या लहान वस्त्यांत वाचनालय, दवाखाना, मुलांचा वर्ग, वृद्धांची बैठक, लग्नकार्य यांसाठी जागा हवी असेल तर ती कशी बांधावी? प्रत्येक गावासाठी निराळी इमारत परवडणारी नाही. एकच ठोकळा सर्वत्र ठेवून दिला तर तो कोणाचाच होणार नाही. या दोहोंच्या मधला मार्ग म्हणजे खणांची रचना.

क्लेत आणि खण

लाकडाने घर बांधण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. सैबेरियातील परंपरागत पद्धत ओंडक्यांची. चार ओंडके आडवे ठेवून कोपऱ्यांत खाचा पाडून एकमेकांत बसवायचे. त्यावर पुन्हा चार. असे थर रचत जायचे. दोन थरांच्या फटीत शेवाळ किंवा अंबाडीसारखा तंतू दाबून भरायचा. अशा चौकोनी पेटीला रशियन भाषेत ‘क्लेत’ म्हणतात. ओंडका मिळतो तेवढीच भिंत लांब. साधारण सहा मीटर. मोठे घर हवे असेल तर भिंत वाढविता येत नाही, दुसरी क्लेत शेजारी उभी करावी लागते.

दुसरी पद्धत आपल्या वाड्यांची. खांब उभा, त्यावर तुळई, तुळयांवर कडीपाट. खांबाच्या टोकाचे कुसू वरच्या खाचेत बसले की सांधा पक्का. येथे भार भिंतीवर नसून खांबांवर आहे. भिंत केवळ आडोसा. म्हणून खण वाढविता येतो, दोन खणांमधला पडदा काढून टाकता येतो, ओसरीचे माजघर आणि माजघराची पाठशाळा करता येते. आपल्या शहरातील राजवाड्याच्या सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी आणि वरचे चार लाकडी होते, हे सर्वांस ठाऊक आहेच.

या दोन पद्धतींतला एक भेद फार महत्त्वाचा आहे. लाकूड वाळताना आडवे आक्रसते. त्याच्या लांबीच्या दिशेने होणारा संकोच जवळजवळ नगण्य असतो. ओंडक्यांच्या भिंतीत सारे लाकूड आडवे, म्हणून तीन मीटर उंचीची नवी भिंत पहिल्या काही वर्षांत दहा-पंधरा सेंटीमीटरही खाली बसते. तेथील जाणते सुतार खिडकीच्या चौकटीवर मुद्दाम फट ठेवतात आणि ती तंतूंनी भरतात. तसे न केल्यास वरचा भार चौकटीवर येऊन काच फुटते. उभ्या खांबाच्या रचनेत ही अडचण जवळपास राहत नाही. कारखान्यात मापात तयार केलेले घटक हजार किलोमीटरांवर नेऊन जुळवायचे असतील, तर माप न बदलणारी रचनाच हवी. म्हणून क्लेतीची ऊब आणि खणाची शिस्त यांचा मेळ घालणे हे या कामाचे पहिले सूत्र होय.

सुटे भाग करून लाकडी वास्तू दूर नेण्याची कल्पना मात्र रशियाला नवी नाही. १५५१ साली इव्हान चौथ्याने काझानच्या स्वारीसाठी स्वियाझस्कचा किल्ला उभारला. त्याचे लाकूड व्होल्गेच्या वरच्या अंगास उग्लिचच्या परिसरात घडविले, तुकड्यांवर खुणा केल्या, ते नदीतून खाली सोडले आणि शत्रूच्या दाराशी सुमारे चार आठवड्यांत जुळविले. सतराव्या शतकातील जर्मन प्रवासी आडाम ओलेआरिउस याने मॉस्कोत तयार घरांचा बाजार पाहिल्याचे लिहिले आहे. आगीत घर गेलेला मनुष्य तेथून घर विकत घेई आणि आपल्या जागेवर उभे करी. ओनेगा सरोवरातील किझी बेटावरचे १७१४ चे लाकडी चर्च अलीकडेच थराथरांनी सोडवून, कुजलेले ओंडके बदलून पुन्हा जुळविण्यात आले. ते काम २०२० साली संपले. जे जुळविता येते ते सोडविता येते, आणि जे सोडविता येते ते दुरुस्त करता येते. लाकडाच्या दीर्घायुष्याचे रहस्य त्याच्या कठीणपणात नसून या सुटेपणात आहे.

खणाचे माप कसे ठरते

आता तपशिलाकडे वळू. खणाची रुंदी कल्पनेने ठरवून चालत नाही. ती रुळांनी ठरविली आहे. रशियन रुळांमधील अंतर १,५२० मिलिमीटर. सर्वसाधारण मालगाडीवरील मालाची रुंदी ३.२५ मीटरांपलीकडे आणि उंची रुळापासून ५.३ मीटरांपलीकडे जाता कामा नये. म्हणून तयार खोली पाठवायची तर ती सव्वातीन मीटरांच्या आतच हवी. तीन मीटर रुंद व सहा मीटर लांब असा एक खण धरला तर तीन खण शेजारी शेजारी ठेवून मधले पडदे काढल्यावर नऊ मीटर गुणिले सहा मीटरांचे दालन होते. पन्नास-साठ माणसांची सभा, लहान गावाचे वाचनालय किंवा मुलांचा वर्ग त्यात सुखाने सामावतो.

परंतु तयार खोली उतरविण्यास क्रेन लागते आणि गाडी उभी करण्यास बाजूचा रूळ लागतो. जेथे हे दोन्ही नाही तेथे खोलीऐवजी फळ्या न्याव्यात. १९९० च्या दशकात ऑस्ट्रिया व जर्मनीत फळ्यांचे थर एकाआड एक उभे-आडवे चिकटवून जाड पाट करण्याची पद्धत विकसित झाली. थर परस्परांच्या संकोचास आवर घालीत असल्याने असा पाट मापात राहतो. सव्वा मीटर रुंद, अडीच मीटर उंच आणि दहा सेंटीमीटर जाड पाटाचे वजन दीडशे किलोंच्या आसपास भरते. सहा माणसे तो उचलू शकतात. हा आकडा मला फार मोलाचा वाटतो. जी वास्तू गावातील सहा माणसे उभी करू शकतात, ती त्यांना पुढे दुरुस्तही करता येते. जी केवळ क्रेनने उभी राहते, ती क्रेनचीच वाट पाहत कुजते.

सांध्यांविषयी एक सावधगिरी हवी. पाइनच्या लाकडाच्या तुलनेत पोलादातून उष्णता सुमारे चारशेपट सहजतेने वाहून जाते. पारा शून्याखाली चाळीस अंशांवर गेला असता भिंतीच्या आरपार घातलेला लोखंडी बोल्ट आतल्या टोकाला दहिवराने पांढरा होतो. ते वितळलेले पाणी लाकडात मुरते आणि सांधा कुजू लागतो. म्हणून आरपार जाणारा सांधा लाकडी खुंटीचा असावा, आणि बोल्ट घालणे भागच असेल तेथे तो भिंतीच्या एकाच अंगाला राहील अशी योजना करावी. केवळ लाकूड या थंडीस पुरत नाही. दोन पाटांमध्ये उष्णतारोधक थर हवाच. प्रवेशाशी एक थंड पडवी हवी. तिला तिकडे ‘सेनी’ म्हणतात. बाहेरचे दार लागल्यावरच आतले दार उघडायचे, म्हणजे माणूस येताना थंडी बरोबर येत नाही.

जमिनीचाही विचार करावा लागतो. बैकलच्या पूर्वेस काही भागांत जमीन खोलवर कायमची गोठलेली आहे. याच मार्गावरील स्कोव्होरोदिनो येथे १९२७ साली अशा जमिनीच्या अभ्यासासाठी केंद्र स्थापन झाले. तेथे तापविलेली इमारत थेट भूमीवर ठेवली तर खालचा बर्फ वितळून ती कलते. उपाय सोपा आहे : इमारत खुंटांवर उचलायची आणि खालून वारा खेळता ठेवायचा. लाकूड हलके, पाइनचा घनमीटर पाचशे किलोंच्या आसपास, तर काँक्रीटचा दोन हजार चारशे. हलक्या वास्तूला थोडे खुंट पुरतात. खुंटांसाठी आणि खालच्या तुळयांसाठी लार्च वापरावा. ओलाव्यापुढे तो पाइनपेक्षा अधिक टिकतो.

आगीची भीती मी लपवून ठेवीत नाही. १९८४ साली राजवाड्याच्या लाकडी भागाचे काय झाले हे या सभागृहातील अनेकांनी स्वतः पाहिले आहे. लाकूड जळते, हे निर्विवाद. पण जाड तुळई व पातळ फळी एकाच रीतीने जळत नाहीत. जाड लाकडाच्या पृष्ठावर कोळशाचा थर जमतो, तोच आतल्या गाभ्याचे रक्षण करतो, आणि आग मिनिटाला सुमारे ०.६५ मिलिमीटर या गतीने आत सरकते. अर्ध्या तासात दोन सेंटीमीटर. म्हणून तुळई हिशेबापेक्षा तेवढी जाड ठेवायची, दालनाला दोन दारे ठेवायची, शेगडीभोवती वीट लावायची आणि एका वास्तूपासून दुसरी दूर ठेवायची. माणसे बाहेर पडण्याइतका अवधी मिळाला पाहिजे, ही या हिशेबाची कसोटी आहे.

दोन घड्याळे

येथवरचा भाग अभियंत्यांचा झाला. परंतु माप, सांधा आणि पाया बिनचूक साधूनही सभास्थान ओस पडू शकते. त्याचे कारण समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. व्लादिवोस्तोकची वेळ मॉस्कोच्या सात तास पुढे आहे. तरीही १ ऑगस्ट २०१८ पर्यंत रशियन रेल्वेच्या साऱ्या स्थानकांवरील घड्याळे आणि वेळापत्रके मॉस्कोची वेळ दाखवीत. गावात सूर्य मावळत असे आणि फलाटावरील घड्याळात दुपार असे. गाड्यांच्या शिस्तीसाठी ही योजना सोयीची होती, यात शंका नाही. पण त्या घड्याळातून गावाला अजाणता एक गोष्ट सांगितली जात होती : हे स्थानक तुमच्या गावात असले तरी ते तुमचे नाही.

सेवा गावापर्यंत नेण्याचे प्रयत्न या मार्गावर पूर्वीपासून झाले. १८९६ साली पुतिलोव्ह कारखान्यात रेल्वेच्या डब्यातच चर्च उभारून ते या मार्गावर फिरविण्यात आले. तिसऱ्या अलेक्झांडरच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या निधीतून मार्गाच्या कडेने चर्च आणि शाळा बांधल्या गेल्या. अलीकडच्या काळात वैद्यकीय गाड्या दूरच्या वस्त्यांपर्यंत डॉक्टर नेतात. आपल्याकडेही १९९१ पासून ‘लाइफलाइन एक्स्प्रेस’ रुग्णालयच रुळांवरून गावोगाव नेत आली आहे. या साऱ्यांचे मोल मोठे आहे. तरीही चाकांवरून येणारी वस्तू चाकांवरूनच परत जाते. गाडी निघून गेल्यावर जी जागा मागे उरते, तीच गावाची जागा.

म्हणून माझे म्हणणे असे आहे : खणांच्या रचनेत सांधा सर्वत्र एकच असावा, पण वापर कोठेही ठरवून देऊ नये. तीन खण ऊबदार दालनाचे, एक खण सेनीचा, आणि एक खण मुद्दाम मोकळा सोडावा. त्यास केवळ खांब, छप्पर आणि जमीन असावी. भिंती गावाने घालाव्यात किंवा घालू नयेत. एखाद्या गावात तेथे बाजार भरेल, दुसरीकडे सुतारशाळा होईल, तिसरीकडे उन्हाळ्यात नाच होईल आणि हिवाळ्यात सरपण रचले जाईल. व्याकरणकार वाक्याचे नियम सांगतो, वाक्य मात्र बोलणाऱ्यावर सोडतो. नियम अजिबात नसतील तर एकाचे बोलणे दुसऱ्यास कळणार नाही. आणि वाक्येही ठरवून दिली तर भाषा मरेल. नमुना-आराखड्यांच्या जुन्या स्थानकांत नियम आणि वाक्य दोन्ही राजधानीतून येत होते. इमारती उत्तम होत्या; पण त्यांत गावाला बोलण्यास जागा नव्हती.

व्यवहारात याचा अर्थ तीन गोष्टी. एक, इमारतीबरोबर तिचे सुटे भाग आणि ते बदलण्याची रीत गावातील दोघा-चौघांना शिकविली पाहिजे. दोन, इमारत फलाटाच्या इतकी जवळ असावी की उतारू तेथे येईल, आणि इतकी बाजूला असावी की गाडी नसतानाही गावाला तेथे येण्याचे कारण राहील. त्यासाठी तिला एक दार रुळांकडे आणि एक दार गावाकडे हवे. तीन, तिच्यात गावाच्या वेळेचे घड्याळ हवे. आज स्थानकांवर स्थानिक वेळ दिसते, ही समाधानाची बाब आहे. पण जागेचा ताबा केवळ काटे फिरविल्याने गावाकडे येत नाही.

आपल्यापुरते

रसिक श्रोतेहो, सैबेरियातील त्या वस्त्या इंजिनाच्या गरजेतून वसल्या आणि ती गरज संपल्यावर त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला. आपले पूर्वज अठराव्या शतकापासून होळकरांच्या फौजेबरोबर, दरबाराबरोबर आणि पुढे नोकऱ्यांच्या निमित्ताने या प्रदेशात आले. ती दरबारे गेली, त्या नोकऱ्याही गेल्या. ज्या कारणाने वस्ती झाली ते कारण सरल्यावर वस्ती कशाच्या आधारावर टिकते? माझे उत्तर असे की ती एकत्र बसण्याच्या जागेवर टिकते. शाळेचे सभागृह, वाचनालयाची ओसरी, गणेशोत्सवाचा मांडव, रेल्वे वसाहतीतील इन्स्टिट्यूटचे दालन, या जागांनी आपली भाषा येथे जिवंत ठेवली आहे. ज्यांनी त्या बांधल्या त्यांना पुढे तेथे काय काय होईल हे ठाऊक नव्हते, आणि त्यांनी ते ठरवूनही दिले नाही. नाटकासाठी उभारलेल्या रंगमंचावर वर्ग भरले, वर्गासाठी बांधलेल्या खोल्यांत संकटकाळी माणसे राहिली.

या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज अभियंते आहेत, काही रेल्वेच्या सेवेत आहेत, काही वास्तुरचनेच्या व्यवसायात आहेत. त्यांच्या हातून पुढे अशा इमारती उभ्या राहतील. त्यांना एका भाषाशिक्षकाची एवढीच विनंती आहे की आराखडा पुरा झाल्यावर तो पुन्हा एकदा पाहावा आणि वापरणाऱ्यासाठी त्यात एखादा खण रिकामा राहिला आहे की नाही, हे तपासावे. राहिला नसेल, तर एक भिंत खोडावी.